डाव्या कोपऱ्यातली बाटली

परवा मल्टिप्लेक्समध्ये मैत्रिणीने मला चक्क चिमटा काढला. पडद्यावर हिरॉईन ढसाढसा रडतेय, पुढच्या रांगेतल्या काकू रुमालाने डोळे टिपतायत आणि मी? मी मान वाकडी करून हिरॉईनच्या मागच्या ड्रेसिंग टेबलवरचं लेबल वाचतेय! 'तू पिक्चर बघायला आलीयेस की शॉपिंगला?' मैत्रीण कानात फिसकारली. इंटरव्हलमध्ये तिने पॉपकॉर्नही शेअर केले नाहीत.

गुन्हा कबूल आहे, मंडळी. काहींना सिनेमातली चुकीची वेळ दाखवणारी घड्याळं दिसतात, काहींना कोपऱ्यात चुकून आलेला माइक दिसतो. मला बाटल्या दिसतात. परफ्यूमच्या, नेलपॉलिशच्या, शाम्पूच्या. स्टोरी विसरते, बाटली विसरत नाही. आणि हा आजार मला पुण्यात आल्यावर, मॉलमध्ये फिरून वगैरे लागलेला नाही बरं का. तो थेट वाशिम जिल्ह्यातून माझ्यासोबत एसटीत बसून आलाय.

दोरा दातात, नजर टीव्हीवर

मी वाशिमची. अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे मी माझ्या जिल्ह्यापेक्षा काही महिन्यांनी मोठीच आहे! उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मुक्काम कारंज्याला, मावशीकडे. समोरच्या खोलीत मावशीचं ब्युटी पार्लर, मधल्या खोलीत टीव्ही आणि मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. दुपारी बाहेर कुत्रंही फिरकायचं नाही, तेव्हा कूलरसमोर पसरून केबलवरचा पिक्चर बघणं हा माझा आणि मावसबहिणीचा ठरलेला कार्यक्रम. एकच पिक्चर महिन्यातून चारदा लागायचा. पाचव्यांदा बघताना करायचं काय? तर आम्ही गेम काढला.

रूल्स एकदम सोपे. पडद्यावर ब्युटीची कुठलीही वस्तू दिसली की ओरडायचं. पावडरचा डबा एक पॉइंट, लिपस्टिक-नेलपॉलिश दोन, शाम्पू तीन आणि सेंटची बाटली डायरेक्ट पाच! ब्रँड ओळखला तर डबल. अंपायर अर्थातच मावशी. ती पडदा अर्धा सरकवून, दातात दोरा धरून कुणाच्या तरी आयब्रो करत असायची. आमचं भांडण पेटलं की दोरा सोडून निकाल द्यायची, 'बाटली होती, पण सेंटची नव्हती. तेलाची होती. एकच पॉइंट.' तोवर गिऱ्हाईक तसंच बसलेलं. एक भुवई झालेली, एक राहिलेली!

या गेममध्ये आमची एकदा सॉलिड फजिती झाली. आजीकडून आम्हाला कळलं होतं की तिच्या तरुणपणी 'इव्हिनिंग इन पॅरिस' नावाचं एक सेंट होतं, गडद निळ्या बाटलीतलं. (ते खरंच होतं. बुर्जुआ या फ्रेंच कंपनीने १९२८ मध्ये आणलं. बनवणारा अर्नेस्ट बो, म्हणजे 'शनेल नंबर फाइव्ह'वालाच!) मग एका दुपारी टीव्हीवर १९६७ चा 'ॲन इव्हिनिंग इन पॅरिस' लागला. नावातच सेंट म्हटल्यावर निळी बाटली असणारच, दहा पॉइंट पक्के! आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो. पण शर्मिला टागोर पाण्यावर स्कीइंग करायला लागली, वरून शम्मी कपूर हेलिकॉप्टरला लटकत आला, आणि बाटली शोधायचं आम्ही दोघीही साफ विसरलो.

असे खंडीभर पिक्चर पाहून झाल्यावर लक्षात आलं की सिनेमातल्या ड्रेसिंग टेबलचे काही अलिखित कायदे आहेत. हिरोच्या आरशासमोर आफ्टरशेव्ह. व्हॅम्प सेंट मारणार ते मानेवर, आणि मारताना आरशात नाही, कॅमेऱ्यात बघणार. हिरॉईनकडे बाटल्या ढीगभर, पण ती त्यातली एकही उघडणार नाही. ती उपजतच सुगंधी! आणि आई? आईच्या खोलीत ड्रेसिंग टेबलच नाही. देवघर, अगरबत्ती आणि फार तर कुंकवाची डबी.

या कायद्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला पुढे मास कॉमला असताना सापडलं. लीला चिटणीस. मराठी, ग्रॅज्युएट, आपल्या काळाच्या टॉपच्या हिरॉईन. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय अभिनेत्री! तोवर तो मान हॉलिवुडवाल्या गोऱ्या मॅडमचा. आणि त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १९५१ च्या 'आवारा'त, त्या राज कपूरच्या आई होत्या. १९६५ च्या 'गाइड'मध्ये देव आनंदच्या आई. ज्या चेहऱ्यावर साबण विकला गेला, त्याच चेहऱ्याच्या वाट्याला मग फक्त मुलाची काळजी आली. पडद्यावरच्या बाटल्या वास कसा आहे ते सांगत नाहीत हो. तुमची जागा कुठली ते सांगतात.

कोरा चहा, मेड इन पॅरिस

मावशीला हे आमच्याआधीच कळलं होतं. तिच्या पार्लरमध्ये आरशाखाली एक शोकेस होतं आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात पाच-सहा इम्पोर्टेड बाटल्या. डाव्याच का? कारण दारातून आत येणाऱ्या बाईची नजर आधी तिथे पडते. मावशीचं मार्केटिंग कुठल्याही एमबीएला लाजवेल असं होतं! बाटल्या कुठून कुठून जमवलेल्या. कुणी नागपूरहून आणून दिलेली, कुणा नवरीच्या दुबईतल्या भावाने. त्यांना हात लावायची आम्हाला सक्त मनाई.

मी दहा वर्षांची असेन. नात्यातलं लग्न होतं, मला नवाकोरा पांढरा फ्रॉक आणलेला. सगळ्या बायका साड्यांच्या निऱ्यांमध्ये अडकलेल्या बघून मी पार्लरमध्ये घुसले, डाव्या कोपऱ्यातली सगळ्यात देखणी बाटली उघडली आणि सिनेमातल्यासारखं मानेला लावलं, मनगटाला लावलं, उरलेलं फ्रॉकवर ओतलं. वास काही येईना. दोन मिनिटांनी फ्रॉकवर तपकिरी डाग उमटायला लागले.

तो कोरा चहा होता.

बाटल्या सगळ्या रिकाम्या आलेल्या. रिकामी बाटली बरी दिसत नाही म्हणून मावशी त्यात पातळ कोरा चहा भरून ठेवायची. साखर नव्हती म्हणून निदान मुंग्या लागल्या नाहीत एवढंच! मला रडताना बघून मावशी हसावं की रागवावं या घोळात पडली. मग म्हणाली, 'ते सेंट नाही व बाई, तो शो आहे.' त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी आईचा स्कार्फ लपेटून उभी आहे.

पुढे पुण्यात शिकत असताना एका शूटिंगला जायचा योग आला आणि तिथे मावशीचंच वाक्य मला आर्ट डिपार्टमेंटमधल्या एका मुलाकडून ऐकायला मिळालं. तो सेटवरची प्रॉपर्टी सांभाळायचा. ज्या ब्रँडशी डील नाही त्याचं लेबल आरशाकडे फिरवून ठेवायचं किंवा त्यावर टेप मारायची. बाटलीच्या काचेत लाइट्स चमकतात, कधी अख्खं युनिट दिसतं, म्हणून तिच्यावर चमक मारणारा स्प्रे मारायचा. 'आणि आत काय?' मी विचारलं. तो म्हणाला, 'पडद्यावरची व्हिस्की काय असते? तेच.' मी एवढी जोरात हसले की असिस्टंट डायरेक्टरने मला सेटबाहेर काढलं.

दिसणं वेगळं, दाखवणं वेगळं

आमच्या गेमची वाट लावली ती २०१० साली. त्या वर्षी 'आयशा' आला. सोनम कपूर तेव्हा लॉरिआलची ब्रँड ॲम्बॅसडर, आणि पिक्चरमध्ये लॉरिआल असं समोर मांडलेलं की शोधायचं कामच नाही. टीव्हीवर तो लागला तेव्हा आम्ही दोघी सरसावून बसलो. सुरुवातीला धडाधड पॉइंट मिळाले, आणि हळूहळू ओरडायचा कंटाळाच आला. लपलेली बाटली आपण शोधली तर ती आपली. नाकासमोर धरलेली बाटली म्हणजे जाहिरात. आणि जाहिरात तर ब्रेकमध्ये फुकट दिसते की!

त्याच वर्षी आला 'दबंग'. मलायकाच्या गाण्यात झंडू बाम आला आणि आमच्या वाशिमच्या टॉकीजमध्ये पब्लिकने शिट्ट्यांनी छत डोक्यावर घेतलं. गंमत म्हणजे त्यासाठी कंपनीने पैसे मोजले नव्हते. उलट झंडूची मालक असलेल्या इमामीने निर्मात्यांना कायदेशीर नोटीस पाठवली! पुढे समेट झाला आणि मलायकाच बामची ब्रँड ॲम्बॅसडर झाली. पण मला आठवतं ते वेगळंच. त्या क्षणी टॉकीजमधल्या प्रत्येकाच्या नाकात तो वास होता. आजीच्या उशीचा वास. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा वास. इतके पिक्चर पाहिले, इतक्या इम्पोर्टेड बाटल्या मोजल्या, पण पडद्यावरची एखादी वस्तू आम्हाला वासासकट दिसली ती पहिल्यांदाच. कारण तो वास आमच्या घरातच होता.

बाटली न दाखवता

प्रेक्षकांना खरोखरचा वास द्यायचे प्रयत्नही झालेत बरं. १९६० मध्ये अमेरिकेत 'सेंट ऑफ मिस्ट्री' नावाचा पिक्चर आला. त्यात खुर्च्यांपर्यंत नळ्यांमधून वास सोडायची सोय होती, नाव 'स्मेल-ओ-व्हिजन'. पण काही वास म्हणे सीन संपल्यावर पोचायचे. कल्पना करा, पडद्यावर भांडण आणि नाकात गुलाब! प्रकार तिथेच बारगळला.

जमलं ते बाटली न दाखवणाऱ्यांना. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) आठवा. कोठडीत काचेपलीकडे असलेला नरभक्षक डॉक्टर लेक्टर, झरोक्यातून नुसती हवा हुंगतो आणि समोरच्या पोरसवदा एफबीआय ट्रेनीला सांगतो, की ती कुठलं स्किन क्रीम लावते, आणि कधीकधी नीना रिचीचं 'लेर द्यु ताँ' लावते, पण आज लावलेलं नाही. अंगावर काटा! दुसऱ्याच वर्षीच्या 'सेंट ऑफ अ वुमन'मध्ये अल पचिनोचा आंधळा कर्नल बायकांची परफ्यूम्स आणि साबण हवेतूनच ओळखतो. ब्रँडचं नाव दोन्हीकडे आहे. पण लक्षात राहतं ते नाक.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे 'गंध' आहे! सचिन कुंडलकरचा, २००९ चा. तीन गोष्टी, धागा वासाचा. पहिलीत लग्नाच्या वयाची मुलगी, अमृता सुभाष. तिला कॉलेजमधल्या एका मुलाच्या अंगाच्या वासाने वेड लागतं, आणि तो वास निघतो अगरबत्तीच्या कारखान्याचा! दुसरीत मिलिंद सोमणचा फोटोग्राफर, ज्याला वास यायचाच बंद झालाय. तिसरीत कोकणातल्या घरात बाजूला बसलेली बाई, नीना कुळकर्णी. जिथे जायची मनाई, तिथलं सगळं ती वासावरून टिपत असते. या सिनेमाला पटकथेचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि दुसरं मिळालं ते ध्वनीसाठी. वासाच्या पिक्चरला आवाजाचं बक्षीस! पहिल्या गोष्टीवरून पुढे कुंडलकरनेच राणी मुखर्जीला घेऊन हिंदीत 'अय्या' (२०१२) केला. त्यात रंग, गाणी, नाच, सगळं जोरात. मला विचाराल तर माझं मत मराठीला.

'गंध'मधली दुसरी गोष्ट मी कॉलेजात पाहिली तेव्हा थोडी कंटाळवाणी वाटली होती. खरं सांगते. वास येत नाही म्हणजे काय एवढं?

आज नाही

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, मावशीला कोविड झाला. ॲडमिट व्हायची वेळ आली नाही, बरी झाली. पण वास गेला. आम्ही कुणी फार मनावर घेतलं नाही. सगळ्यांचाच जात होता आणि परत येत होता. मावशीचा आला नाही.

पार्लरवालीचा वास जाणं म्हणजे काय ते तिच्याकडे चार दिवस राहिल्यावर कळलं. गरम करायला ठेवलेलं वॅक्स करपलं तरी तिला पत्ता नाही. क्रीम उतरलंय का हे आयुष्यभर झाकण उघडून एका हुंगण्यात ओळखणारी बाई आता चष्मा लावून एक्सपायरी डेट वाचते. एकदा गॅस चालू राहिला, तर शेजारीण धावत आली. आणि स्वतःच्या अंगाला घामाचा वास येत असेल या धास्तीने मावशी दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागली, हे तिने मला सांगितलं नाही, मावसबहिणीने सांगितलं.

खरं तर कारंज्याला वासाचं वेड जुनंच. तिथे कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट सांगतात. उंटावरून कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्याचा माल इथल्या एका सावकाराने सगळाच्या सगळा विकत घेतला आणि बांधकामाच्या चुन्यात मिसळून टाकला म्हणे. मावशी त्यावर म्हणते, 'आता मले त्या हवेलीत नेऊन बसवलं तरी काय उपेग?'

अकोल्याच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला नाकाचा व्यायाम दिला. हो, असा असतो. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. चार छोट्या बाटल्या, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वीसेक सेकंद हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. महिनोन्महिने. मावशीने त्या बाटल्या कुठे ठेवल्या माहितेय? शोकेसच्या डाव्या कोपऱ्यात. चहाच्या बाटल्या तिने काढून टाकल्या. म्हणाली, 'इथं ठेवल्या म्हणजे इसरत नाही.'

गेल्या दिवाळीत मी तिच्यासाठी 'लेर द्यु ताँ' घेऊन गेले. झाकणावर काचेची कबुतरं असलेली ती बाटली. तीन लेखांचं मानधन गेलं, पण लहानपणी सांडलेला चहा भरून द्यायचा होता ना! तिला वास येत नाही हे मला माहीत होतं. तरी नेलं. का, ते नीट सांगता येणार नाही. नरभक्षकाने रेकमेंड केलेलं सेंट आहे म्हटल्यावर मावशी खूप हसली. मग तिने मनगटावर एक थेंब घेतला, डोळे मिटले आणि व्यायामासारखे सावकाश वीस सेकंद हुंगलं.

'आज नाही येत,' म्हणाली. मग, 'तूच सांग, कसा आहे?'

आणि माझी बोलती बंद. मी! टॉप नोट, बेस नोट, फ्लोरल, वुडी असले शब्द टाकून या पानांवर ज्ञान पाजळणारी मी. ते शब्द तिच्यासमोर तोंडातून निघेनात. मी तिच्या मनगटाला नाक लावलं. म्हटलं, 'फुलं आहेत, पण गजऱ्याची नाहीत. जरा तिखट. आजीच्या ट्रंकेतली रेशमी साडी आठव. जिच्या घडीत ती लवंगा ठेवायची. ती साडी उघडल्यावर येतो ना, तसा.'

मावशी थोडा वेळ गप्प बसली. 'लवंग ना?' तिने पुन्हा हुंगलं. 'लवंग येते मले आताशा. थोडी थोडी.'

आता यातून आला का आठवणीतून, कोण सांगणार? मी विचारलं नाही.

त्या रात्री फराळाचा डबा मध्ये ठेवून आम्ही तिघींनी 'गंध' लावला. मिलिंद सोमणची गोष्ट मावशीने एकही शब्द न बोलता पाहिली. संपल्यावर पाणी प्यायला उठली आणि दारातून म्हणाली, 'बाटली तर एकबी नाही दिसली मले. मंग पॉइंट कोणाले द्यायचे?'

या विकेण्डचा होमवर्क

तर मंडळी, या शनिवारी कुठलाही पिक्चर लावा आणि हिरोला सोडून ड्रेसिंग टेबलकडे बघा. पावडर एक, लिपस्टिक दोन, शाम्पू तीन, सेंट पाच. आईच्या खोलीत सेंटची बाटली सापडली तर माझ्यातर्फे पन्नास!

मग टीव्ही बंद करून स्वतःच्या आरशासमोर उभे राहा. तिथली एक बाटली उचला आणि तिचा वास घरातल्या कुणालातरी सांगून बघा. ब्रँडचं नाव घ्यायचं नाही. इंग्रजी नोट्स चालणार नाहीत. जमलं तर डबल पॉइंट. जमलं नाही तर काळजी नको, मलाही सांडलेल्या चहापासून लवंगेपर्यंत यायला अठरा वर्षं लागली.

निकालावर भांडण झालंच तर अंपायर आहे. कारंज्याला, फुलाफुलांच्या पडद्याआड. फक्त थोडं थांबावं लागेल, एक भुवई राहिलीय.